आठवड्याला किती?

मार्च २०२४ मध्ये बॉनच्या जर्मन पोषण संस्थेने, इथे जर्मनीत सगळे तिला डीजीई म्हणतात, आहाराचे नवे नियम जाहीर केले. डाळी वाढवा, मूठभर सुका मेवा खा, मांस आठवड्याला ३०० ग्रॅमच्या आत ठेवा. आणि अंडं? आठवड्याला एक. केकमध्ये, नूडल्समध्ये मुरलेली अंडी त्यात धरायची नाहीत, पण ताटात दिसणारं एकच. माझ्या ओळखीच्या जर्मन आणि मराठी, दोन्ही मंडळींनी बातमी वाचून एकच अर्थ काढला: कोलेस्टेरॉलचं भूत परत आलं. प्रत्यक्षात त्या एकाचा कोलेस्टेरॉलशी फारसा संबंध नव्हता. संस्थेने पोषण, आजारांचा धोका, पर्यावरणावर पडणारा भार आणि लोकांच्या खाण्याच्या सवयी हे सगळं एका गणितात घातलं आणि त्यातून हे उत्तर निघालं. निव्वळ प्रकृतीचा विचार केला तर अंड्याला वरची मर्यादा घालण्याइतका पुरावा हाती नाही, असं याच संस्थेने काही वर्षांपूर्वी म्हटलं होतं. त्याआधी बरीच वर्षं तिचा सल्ला आठवड्याला दोन ते तीनचा होता.

हा आकडा कोण ठरवतं, याचा माग काढत गेलं की शंभराहून अधिक वर्षं मागे जावं लागतं, आणि बराचसा रस्ता जर्मनीतूनच जातो. त्यातही फ्रायबुर्गमधून.

ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याच्या या विद्यापीठाच्या गावात १९१० साली आडोल्फ विंडाउस नावाचा रसायनशास्त्रज्ञ मृतांच्या महारोहिण्या तपासत होता. हृदयातून निघणारी ही सगळ्यांत मोठी रक्तवाहिनी काहींची निरोगी होती, काहींची आतून जाड, पिवळट, खरबरीत झालेली. रोगट रोहिणीत सुटं कोलेस्टेरॉल निरोगीपेक्षा सहापटीने जास्त आणि मेदाम्लाशी जोडलेलं तर वीस पटींहून जास्त, असं त्याला आढळलं. याच विंडाउसला पुढे १९२८ साली, गटिंगेनला असताना, स्टेरॉल आणि जीवनसत्त्वांच्या संबंधावरच्या कामासाठी नोबेल मिळालं. फ्रायबुर्गमध्येच विकृतिशास्त्राचा मोठा माणूस लुडविग आशॉफ होता, आणि त्याच्याकडे काम करायला रशियातून निकोलाय आनिच्कॉव्ह येऊन गेला होता.

आनिच्कॉव्हचं नाव सशांमुळे राहिलं. सेंट पीटर्सबर्गमध्ये आधी सशांना अंड्याचा बलक खाऊ घालून झाला होता. आनिच्कॉव्हने सहकाऱ्यासोबत १९१३ साली शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना दिलं, आणि थोड्याच काळात त्यांच्या रोहिण्या माणसांसारख्या जाड झाल्या. प्रयोग चोख होता. अडचण सशाची होती. उभ्या जन्मात पाल्याखेरीज काही न खाणाऱ्या प्राण्याच्या शरीरात बाहेरून आलेल्या कोलेस्टेरॉलची विल्हेवाट लावायची सोयच नीट नसते. हेच उंदरांना दिलं तर त्यांना काही होत नव्हतं. पण चित्र सशाचं दिसत होतं, ते लोकांच्या मनात बसलं, आणि बलक त्या चित्राला चिकटूनच राहिला.

याच्या पुढची कडी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि तीच सगळ्यांत कमी सांगितली जाते. बर्लिनमध्ये जन्मलेला रुडॉल्फ शोनहायमर आशॉफच्या संस्थेत रसायनाचा विभाग सांभाळत होता. त्याने उंदरांवर हिशेब मांडला: खाण्यातून कोलेस्टेरॉल किती गेलं, शरीरात किती सापडलं, बाहेर किती पडलं. खाण्यातून जवळजवळ काही न मिळालेले उंदीर ते स्वतःच तयार करत होते. भरपूर मिळालेले उंदीर ते तयार करणं कमी करत होते आणि जादाचं नष्ट करत होते. म्हणजे शरीर ही रिकामी बादली नव्हे, ओतलं तेवढं भरणारी. हे काम १९३३ साली प्रसिद्ध झालं, आणि त्याच साली, ज्यू असल्यामुळे, शोनहायमरला देश सोडावा लागला. तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला, जड हायड्रोजनचे अणू रेणूंत बसवून शरीरातली घडामोड मोजायची पद्धत त्याने तिथे उभी केली, आणि १९४१ साली तो वारला. त्याच्याकडे तिथे काम केलेला कोनराड ब्लॉख हाही म्युनिकमध्ये शिकलेला, हिटलरमुळे देशोधडीला लागलेला. यकृत कोलेस्टेरॉल टप्प्याटप्प्याने कसं घडवतं हे उलगडल्याबद्दल १९६४ साली ब्लॉखला, आणि म्युनिकमध्येच राहिलेल्या फेओडोर ल्युनेनला, नोबेल विभागून मिळालं. निम्मं उत्तर अमेरिकेत, निम्मं म्युनिकमध्ये.

एवढं होऊनही चार वर्षांनी, १९६८ साली, अमेरिकेच्या हार्ट असोसिएशनने सांगितलं की दिवसाला कोलेस्टेरॉल ३०० मिलिग्रॅमच्या आत आणि आठवड्याला बलक तीनपेक्षा जास्त नकोत. एका बलकात साधारण २०० मिलिग्रॅम असतं, तेव्हा हिशेब सरळ दिसला. शरीर स्वतः रोज त्याच्या कितीतरी पट तयार करतं, हे त्या बेरजेत कुठेच नव्हतं. पश्चिम जर्मनीने थोड्याफार फरकाने तोच सूर धरला.

जर्मन माणसाला हे जड गेलं असणार, कारण महायुद्धानंतरची उपासमार फार जुनी नव्हती. १९४६-४७ चा हिवाळा इथे भुकेचा हिवाळा म्हणूनच ओळखला जातो. अंडं रेशनवर, नाहीतर काळ्या बाजारात सिगारेटच्या बदल्यात. १९४८ च्या जूनमध्ये नवं मार्क आलं, दुकानं भरली, आणि पश्चिमेकडे लोक अक्षरशः खात सुटले. लोणी, मलई, डुकराचं मांस, अंडी. ज्या पिढीने अंडं म्हणजे चैन असं मानलं होतं, तिला वीस वर्षांत ते मोजून खायला सांगण्यात आलं.

पूर्वेकडे नेमकं उलटं चाललं होतं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात पूर्व जर्मनीने कारखान्यासारखे कोंबड्यांचे प्रचंड प्रकल्प उभारले, अंडी इतकी झाली की ती खपवायची कशी हा प्रश्न पडला, आणि सरकारी जाहिरात निघाली की एक अंडं आणखी घ्या. ऐंशीच्या दशकात तिथे माणशी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी खाल्ली जात. भावाचा मामला तर मजेशीर होता. घरच्या कोंबड्यांच्या अंड्यांना सरकारी खरेदी केंद्र दुकानातल्या किमतीपेक्षा जास्त पैसे देई, त्यामुळे सकाळी केंद्रावर अंडी विकायची आणि दुपारी दुकानातून स्वस्तात आणायची, असा व्यवहार लोकांनी न लाजता केला. एकाच भाषेचे, एकाच पद्धतीने नाश्ता करणारे लोक, आणि भिंतीच्या एका बाजूला कमी खा, दुसऱ्या बाजूला जास्त खा. दोन्हीकडे डॉक्टर होतेच.

आपल्याकडेही पूर्व जर्मनीसारखं जास्त खा असंच चाललं होतं. १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी उभी राहिली, तिचं मुख्यालय पुण्यात. भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्यांपुढे कोंबडीपालकांना एकत्र आणायचं आणि खप वाढवायचा, हा तिचा हेतू. तिची संडे-मंडेवाली जाहिरात दूरदर्शनवर बघत वाढलेली पिढी पुढे स्टुटगार्टला, म्युनिकला नोकरीला आली, आणि इथल्या डॉक्टरने भुवया उंचावल्यावर गोंधळली. दोन्ही सल्ले ऐंशीच्या दशकातलेच.

त्या काळातल्या पश्चिम जर्मनीची हवा समजून घ्यायची तर रविवारचा नाश्ता डोळ्यांसमोर आणावा लागतो. एकेकट्या अंड्यासाठी चिनी मातीची छोटी बैठक. अंडं गार होऊ नये म्हणून त्यावर लोकरीची विणलेली टोपी. उकळत्या पाण्यात फुटू नये म्हणून बोथट टोकाला सुईने पाडलेलं भोक. बलक मऊ हवा की घट्ट, यावरून संसारात तंटा होऊ शकतो हे जर्मन विनोदकार लोरियोने १९७७ साली एका छोट्या व्यंगचित्रपटात दाखवलं, आणि अंडं नेमकी किती मिनिटं उकडलं यावरचा तो वाद आजही जर्मन घरांत आठवून आठवून हसण्यावारी नेला जातो. या अंड्याच्या शेजारी मात्र लोण्याचा जाड थर लावलेला पाव, सलामी आणि चीज असे, आणि पुढे दशकभर सगळा धाक फक्त अंड्याला घातला गेला. लोण्याच्या जागी मार्गरीन आलं, बेसेलसारख्या डब्यांनी हृदयाच्या नावाने जागा पकडली. संपृक्त चरबीमुळे रक्तातलं कोलेस्टेरॉल बलकापेक्षा जास्त वाढतं, हे तेव्हाही माहीत होतं.

१९८९ पासून आरोग्य विम्यातून पस्तिशीनंतरची तपासणी फुकट होऊ लागली आणि कोलेस्टेरॉल हा घराघरातला आकडा झाला. दोनशे! १९९० च्या राष्ट्रीय मोहिमेने हीच रेघ ओढली. त्यातही गंमत अशी की देश एक झाला तरी एकक एक झालं नाही. स्टुटगार्टच्या प्रयोगशाळेचा कागद आजही मिलिग्रॅममध्ये येतो, लाइपझिगचा मिलिमोलमध्ये. तिथलं ५.२ म्हणजे इथलं दोनशे. पूर्वेकडून इकडे बदली होऊन आलेल्या माणसाला आपलं कोलेस्टेरॉल एका रात्रीत चाळीसपट झाल्यासारखं वाटावं.

मग झुला उलटा आला. ऑगस्ट २००१ मध्ये लेव्हरकुझेनच्या बायर कंपनीने कोलेस्टेरॉल उतरवणारं आपलं लिपोबे हे औषध जगभरातून मागे घेतलं. स्नायूंची झीज होऊन रुग्ण दगावल्याच्या नोंदी आल्या होत्या. पुढच्याच वर्षी वाल्टर हार्टेनबाख या शल्यविशारदाचं ‘डी कोलेस्टेरीन-ल्यूगे’ हे पुस्तक आलं. कोलेस्टेरॉलची भीती हा सगळाच खोटेपणा आहे असं ते सांगतं, आणि ते तडाखेबंद खपलं. माझ्या मते त्या पुस्तकाने जितकं बरं केलं त्याहून वाईट जास्त केलं. अंड्यावरचा अन्याय खराच होता, पण सुक्याबरोबर ओलंही जाळलं गेलं. कोलेस्टेरॉल रोहिण्या खराब करतं हे विंडाउसच्या वेळी नुसतं सुचवलेलं होतं; ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांनी एलडीएल या ‘वाईट’ म्हटल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलचे पेशींवरचे ग्राही (रिसेप्टर) शोधून १९८५ चं नोबेल मिळवलं तेव्हा ते पक्कं झालं, आणि स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांच्या मोठमोठ्या चाचण्यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याबद्दल आता शंका घ्यायला जागा नाही. अंड्याचा त्यात वाटा किती, हा वेगळा प्रश्न.

तो वाटा बहुतेकांच्या बाबतीत लहान निघतो. १९९१ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ८८ वर्षांच्या गृहस्थांची हकीकत आली होती. रोज पंचवीस अंडी खाऊनही त्यांचं कोलेस्टेरॉल ठीकठाक. त्यांचं शरीर शोषणच कमी करत होतं आणि जादाचं पित्तावाटे बाहेर टाकत होतं. हे टोकाचं उदाहरण आहे, कुणी त्याचं अनुकरण करू नये. काहींचं शरीर उलट वागतं, बलक वाढला की त्यांचं एलडीएल चांगलंच वर जातं. २०१९ आणि २०२० मधल्या दोन मोठ्या पाहण्यांनी तर एकमेकींच्या विरुद्ध कौल दिला, एकीने धोका वाढतो म्हटलं, दुसरीने दिवसाला एक अंडं निर्धोक ठरवलं. मधुमेह असलेल्यांबाबत चित्र अजून स्पष्ट नाही, आणि आपल्या घरांत मधुमेह किती हे सांगायला नको.

दरम्यान जर्मनांची अंड्याबद्दलची काळजीच दुसरीकडे वळली. २०१७ च्या उन्हाळ्यात नेदरलँड्समधल्या अंड्यांत फिप्रोनिल हे कीटकनाशक सापडलं आणि आल्डीने काही दिवस सगळ्याच अंड्यांची फळी रिकामी केली. २०२२ पासून नर पिल्लांना जन्मतःच मारण्यावर बंदी आली. सुपरमार्केटमध्ये अंडी हातात घेणारा माणूस आता कवचावरचा शिक्का वाचतो: शून्य म्हणजे सेंद्रिय, एक म्हणजे मोकळ्यावर फिरणारी कोंबडी, दोन म्हणजे शेडमधली. बलकाची भीती तिथे दिसत नाही. २०२४ साली, म्हणजे आठवड्याला एक हा सल्ला आला त्याच वर्षी, माणशी खप अडीचशेच्या घरात होता, प्रक्रिया केलेल्या पदार्थांतली धरून.

डॉक्टरांचं लक्षही आता बलकावर राहिलेलं नाही. म्युन्स्टरमध्ये गेर्ड आसमान यांच्या चमूने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हजारो नोकरदारांची पाहणी सुरू केली होती. त्यातून २००२ साली हृदयविकाराचा अंदाज बांधायची पद्धत आली, आणि तिच्यात आठ गोष्टी विचारल्या जातात: वय, एलडीएल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड, रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह, आणि घरात कुणाला हृदयविकाराचा झटका आला होता का. बव्हेरियात २०२१ पासून फ्रोनी नावाच्या अभ्यासात पाच ते चौदा वर्षांच्या मुलांच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन जन्मजात वाढलेलं कोलेस्टेरॉल शोधलं जाऊ लागलं. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला हा दोष असतो, बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो, आणि अंडी सोडून तो जात नाही. मुलांची अशी तपासणी देशभर व्हावी म्हणून तेव्हाचे आरोग्यमंत्री कार्ल लाउटरबाख यांनी आणलेला कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकार कोसळलं तेव्हा अडकला. विम्यातून स्टॅटिन मिळण्याची अट मात्र त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सैल करायचं ठरलं. दहा वर्षांत झटक्याचा धोका आधी २० टक्के असावा लागे, आता १० पुरतो.

दक्षिण आशियाई घराण्यांत हृदयविकार लवकर गाठतो हे इथल्या प्रत्येक फॅमिली डॉक्टरच्या लक्षात असेलच असं नाही. वडिलांना पंचेचाळीसाव्या वर्षी झटका आला होता, काका मधुमेहाचे आहेत, हे आपणहून सांगावं लागतं.