शिशाच्या साच्याचे व्रण

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, लोखंडाशी एकजीव होत नाही आणि थिजताना किंचित आक्रसते. म्हणूनच बिडाचा साचा उपडा करताच लगड सहसा आपसूक बाहेर पडते. परंतु ओलसर कोठीत हयगयीने पडून राहिलेल्या साच्याला गंजाने खड्डे पडले, की द्रवरूप शिसे त्यांत शिरून तेथेच घट्ट रुतते.

अशा वेळी प्रत्येक व्रण बुजवण्याचा अट्टाहास निरर्थक होय. तळाचा उथळ खड्डा लगडीवर केवळ एक पुळी उठवतो आणि तिच्या उपयोगात काडीचीही बाधा आणीत नाही; खरा उपद्रव होतो तो बाजूच्या भिंतीवरील, तोंडाशी अरुंद व आत रुंद अशा खड्ड्याचा. त्याची कड कानशीने उतरती करावी, गंज तारेच्या ब्रशाने खरवडावा आणि लगड ज्या दिशेने बाहेर सरकते त्याच दिशेने बारीक पॉलिश पेपर फिरवावा. कथील-शिशाचा डाख मात्र खड्ड्यात कदापि भरू नये. तो तप्त रसाने वितळतो आणि लगडीस साच्याशी जखडून टाकतो. अखेरीस दिव्याच्या काजळीचा पातळ थर द्यावा.

सर्वांत मोठी खबरदारी ओलाव्याची: खड्ड्यात दडलेल्या पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन वितळलेले शिसे अंगावर उडते. म्हणून साचा आधी पुरता तापवावा, काम मोकळ्या हवेत करावे, आणि शिशाची धूळ विषारी असल्याने हात धुतल्यावाचून अन्नाला शिवू नये.