हिरवळ जागी होण्याआधी

मागच्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या हाउससमोरच्या लॉनवर वाघाच्या अंगावर असतात तसे पट्टे उमटले होते. ज्यांनी ते पाहिले त्यांना अजून आठवत असतील. ते पट्टे माझ्या हातचे होते. येत्या काही आठवड्यांत मी शाळा सोडून जाणार आहे. बागेचे काम पुढे ज्याच्याकडे जाईल त्याच्यासाठी, ते पट्टे कसे उमटले आणि यंदा आम्ही काय वेगळे केले, ते इथे लिहून ठेवतो.

आमचे लॉन साधारण वीस मीटर लांब आणि बारा मीटर रुंद, म्हणजे २४० चौरस मीटर. त्यावरचे गवत म्हणजे दूब. घरी आपण तिलाच हरळी म्हणतो आणि गणपतीला वाहतो त्या दूर्वाही याच. ही उन्हाळी गवताची जात आहे. मातीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरले की ती वाढ थांबवते, पाती वाळतात आणि सगळे लॉन गवती चटईच्या रंगाचे होते. महाराष्ट्रात, निदान आमच्या सातारा भागात, हे असे दिसत नाही. तिथे हरळी सुकते ती पाण्यावाचून. इथे शिवालिकच्या पायथ्याशी मात्र जानेवारीत पाणी असूनही लॉन मेल्यासारखे दिसते. पहिल्या वर्षी मला ते खरेच मेले आहे असे वाटले होते. खात्री करायची असेल तर खुरप्याने एक तुकडा उचलून पाहावा. मातीखालच्या काड्या पांढऱ्या आणि टणक असतील, तर गवत जिवंत आहे.

मागच्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आंतर-हाउस बाग स्पर्धेचे निरीक्षण होते आणि फेब्रुवारीची ९ तारीख उलटली तरी लॉन तपकिरीच. मी बागेचा प्रमुख. मला घाई झाली. एका पहाटे पीटीच्या आधी मी तसल्यात युरिया घेतला आणि लॉनवर सरळ रेषेत चालत, मुठी मुठीने फेकत गेलो. अंदाजे सात-आठ किलो गेला असेल. दव पडलेले होते, म्हणून वेगळे पाणी दिले नाही. उलट दवामुळे खत चांगले विरघळेल असे वाटले.

चार दिवसांनी मी जिथून जिथून चाललो होतो तिथे पट्टे दिसू लागले. जी थोडी हिरवी पाती उरली होती तीही करपली.

यात एक नाही, तीन चुका होत्या. पहिली चूक प्रमाणाची. युरियात ४६ टक्के नत्र असते. एका वेळी चौरस मीटरला १० ग्रॅम युरिया पुष्कळ झाला, म्हणजे आमच्या लॉनला फार तर २.४ किलो. मी तिप्पट टाकला होता, आणि तोही सारखा न पसरता. मातीतल्या पाण्यात खत जास्त झाले की मुळांना पाणी ओढून घेता येत नाही, उलट मुळांतलेच पाणी बाहेर जाते. अकरावीच्या जीवशास्त्रात ऑस्मॉसिस शिकताना आपण बटाट्याच्या खळग्यात साखर घालतो, तेच हे. त्या प्रयोगात मला पूर्ण गुण होते, हे इथे नमूद करतो. दुसरी चूक दवाची. ओल्या पात्याला खताचे दाणे चिकटतात, तिथेच विरघळतात आणि पाते जाळतात. पाती कोरडी असताना खत टाकावे आणि लगेच भरपूर पाणी देऊन ते मुळांपर्यंत धुऊन न्यावे.

तिसरी चूक मला माली चाचांनी दाखवली. ते या शाळेत माझ्या जन्माच्या आधीपासून आहेत. रागावले नाहीत. पट्ट्यांकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "बेटा, घास सो रही थी। सोते हुए को कोई खाना खिलाता है?" झोपलेल्या गवताला नत्र घेताच येत नाही. ते पाण्याबरोबर खाली वाहून जाते, नाहीतर जे जागे असते ते घेते. आणि फेब्रुवारीत जागे असते ते तण. त्या महिन्यात आमच्या कडेच्या वाफ्यांत चाकवत इतका माजला की मेसमध्ये भाजीला दिला असता तर एक वेळचे जेवण झाले असते.

रविवारी घरी फोन केला तेव्हा बाबांना सांगितले. ते शेतकरी. बांधावरून शेतात शिरणारी हरळी खणून काढण्यात आणि तिच्या काड्या मे महिन्याच्या उन्हात वाळवण्यात त्यांची निम्मी उमर गेली. आधी ते हसलेच. "आम्ही जिला मारून थकलो, तिला तू खत घालतोस?" मग माझा आवाज ऐकून म्हणाले, "घाबरू नकोस. हरळी अशी मरत नाही. पाणी सोड आणि वाट बघ."

आम्ही तेच केले. तीन दिवस रोज सकाळी लॉन पूर्ण भिजवले, म्हणजे जास्तीचे खत मुळांच्या खाली उतरले. जे पट्टे तरीही उघडे राहिले तिथे मार्चअखेरीस काड्या टोचल्या. नाल्याच्या कडेला वाढलेली दूब उपटून आणायची, तिचे दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे करायचे आणि वीत-अर्ध्या वितीवर ओल्या मातीत टोचायचे. प्रत्येक पेऱ्यातून मूळ फुटते. हाच गुण शेतात शाप आहे. एप्रिल संपेपर्यंत पट्टे बुजले होते. पण निरीक्षण मार्चमध्येच झाले होते आणि लॉनच्या गुणांवर आमच्या हाउसचा पहिला क्रमांक गेला. कोणी मला बोलले नाही, ते जास्त लागले.

यंदा मी कॅलेंडर बाजूला ठेवले आणि भूगोल विभागाच्या सरांकडून थर्मामीटर मागून घेतला. लोखंडी सळईने बोटभर खोल भोक पाडायचे, त्यात थर्मामीटर सोडायचा, पाच मिनिटांनी वाचायचा. रोज सकाळी एकाच जागी. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ११ अंश, २४ तारखेला १६. थर्मामीटर नसेल त्यांनी झाडे पाहावीत. आमच्या गेटजवळच्या काटेसावरीला फुले दिसू लागली की दूबही हालचाल करू लागते, असा माली चाचांचा हिशेब आहे आणि यंदा तो माझ्या आकड्यांशी जुळला.

त्याआधीच्या तीन आठवड्यांत आम्ही खताला हात लावला नाही. फक्त माती आणि वाळलेले गवत, एवढेच काम. आधी दाताळ्याने लॉन उभे-आडवे ओढून काढले. पात्यांच्या बुडाशी वाळलेल्या काड्यांचा जो थर साचतो तो पाणी खाली जाऊ देत नाही. सहा ढकलगाड्या भरून काडी निघाली. मग, रात्री पुन्हा कडक गारठा पडणार नाही असे वाटल्यावर, यंत्र खाली उतरवून लॉन दोन-अडीच सेंटीमीटरवर कापले. एरवी एका वेळी पात्याचा एकतृतीयांशाहून जास्त भाग कापू नये. वर्षातून एकदा, जागे होण्याच्या तोंडाशी, हा नियम मोडायचा. ऊन थेट मातीला लागते आणि माती लवकर तापते. त्या दिवशी लॉन फार कुरूप दिसते, याची तयारी ठेवावी.

सगळ्यात महत्त्वाचे आणि सगळ्यात कंटाळवाणे काम भोके पाडण्याचे. आपल्या लॉनचा खरा शत्रू आपले बूट आहेत. फॉल इन तिथेच, ड्रिलचा सराव तिथेच, आणि शिक्षाही बऱ्याचदा तिथेच. माती दाबली गेली की तिच्यातली हवेची जागा संपते, पाणी वर साचते आणि मुळे उथळ राहतात. खणायचा काटा पायाने आठ-दहा सेंटीमीटर आत दाबायचा, किंचित हलवायचा, काढायचा, आणि वीतभर पुढे पुन्हा. २४० चौरस मीटरला आठ जणांना दोन रविवार लागले. तक्रारी झाल्या. भोकांत जाडसर वाळू झाडूने लोटली, म्हणजे ती पुन्हा मिटत नाहीत. वरून चाळलेली माती, वाळू आणि कुजलेले शेणखत यांचा अर्धा सेंटीमीटर थर दिला आणि सरळ फळी ओढून खड्डे भरले. रोलर फिरवायचा मोह सगळ्यांना होतो. माती ओली असताना तो फिरवला तर दोन रविवारांची मेहनत दहा मिनिटांत जाते.

खत शेवटी. लॉनवर हिरवी झाक आली आणि नवीन पाती एकदा कापून झाली, तेव्हा. २.४ किलो युरिया, त्यात पाचपट कोरडी चाळलेली माती. निम्मे लांबीत चालत, निम्मे रुंदीत चालत, दुपारी पाती कोरडी असताना. मागोमाग पाइप.

फुलांच्या वाफ्यांबद्दल थोडक्यात. पुस्तकांत वसंत म्हणजे नवी लागवड असे असते. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्च हा पिटुनिया, पॅन्सी, कॅलेंडुला, फ्लॉक्स यांचा ऐन बहर. सुकलेले फूल देठासकट खुडावे, नाहीतर रोप बी धरते आणि फुलायचे थांबते. प्रत्येक जातीची दोन चांगली रोपे मात्र बियांसाठी न खुडता सोडावीत. झिनिया आणि कॉसमॉसचे बी याच दिवसांत टाकावे, म्हणजे मेमध्ये वाफे रिकामे राहत नाहीत. शेवंतीच्या बुडाशी आलेले फुटवे आता वेगळे करून लावावेत. आणि सालाची पाने गळू लागतात ती जाळू नयेत. कॅम्पसच्या मागे जंगल आहे, मार्चमध्ये ठिणगी पुरते. मेसच्या मागच्या खड्ड्यात पाने टाकून पाणी मारावे. यंदाच्या शेणखतात मिसळलेले पालापाचोळ्याचे खत तिथलेच होते.

हे लिहीत असताना लॉनचा बराचसा भाग हिरवा झाला आहे. पाण्याच्या नळाजवळचा एक कोपरा अजून तपकिरी आहे. तिथे लव्हाळा आहे आणि तो नुसता उपटून जात नाही, खालची गाठ खणून काढावी लागते. निरीक्षण ८ मार्चला आहे. तोवर हे पान छपाईला गेलेले असेल. बाबांना परवा फोटो पाठवला. त्यांचे उत्तर आले, "चांगली माजलीय. घरी येताना बुटांना चिकटवून आणू नकोस."