लाखेच्या तबकड्या कशा वाजवाव्यात?

फोनो हा एकेकाळी खेड्यात अपूर्वाईचा विषय होता. पुढे यंत्रे मोडीत गेली. पण जाड, काळ्या तबकड्या अनेक घरांच्या माळ्यावर अजून पडून आहेत. आता बाजारात नवे रेकॉर्ड-प्लेअर पुन्हा मिळू लागल्याने त्या खाली काढण्याचा मोह होतो. परंतु यंत्र नवे म्हणून ते जुन्या तबकडीला निर्धोक, असे मुळीच नाही.

प्रथम ही तबकडी कशाची आहे ते पाहू. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा तबकड्या जर्मनीहून छापून येत. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला. तबकडीतील पदार्थ एकत्र बांधून ठेवते ती लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवरचे किडे ती तयार करतात. तिच्यात दगडाची बारीक पूड व काजळी मिसळत. पुडीमुळे पोलादी सुई घासली जाऊन खाचेच्या आकाराची होई. म्हणूनच एका बाजूस एक नवी सुई, असा नियम होता. सुईवरचा भार शंभर ग्रॅमहून अधिक असे. तीच सुई पुनःपुन्हा वापरली, की तबकडी खरवडली जाई.

पुढे आलेल्या लाँगप्ले रेकॉर्डची खाच फार अरुंद असते. तिच्या सुईचे टोक सुमारे २५ मायक्रॉन, तर लाखेच्या तबकडीला सुमारे ७५ मायक्रॉनचे लागते. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी लोळते. तेथे साठलेली धूळ आणि खरखर तेवढी ऐकू येते, सुईही झिजते. म्हणून '७८' साठीची वेगळी सुई बसवावी आणि भार साधारण ३ ते ५ ग्रॅम ठेवावा. उलटपक्षी, लाँगप्ले रेकॉर्ड चावीच्या फोनोवर कधीही लावू नये. एकाच फेरीत तिची नासाडी होते.

दुसरी गोष्ट वेगाची. मिनिटाला ७८ फेरे देण्याची सोय सर्व नव्या यंत्रांत नसते. तशी नसल्यास कमी वेगाने मुद्रण करून संगणकावर वेग दुरुस्त करता येतो. मात्र फार जुन्या तबकड्यांचा वेग नेमका ७८ नसेही. वेग वाढला की सूर चढतो; गायकाचा आवाज ओळखीचा वाटेपर्यंत तो जुळवावा लागतो.

तिसरी गोष्ट सफाईची, आणि येथेच घात होतो. सुतार लाकडाला पॉलिश करण्यासाठी चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवतो. त्याच स्पिरिटने तबकडी पुसली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको! मऊ ब्रशने धूळ झटकावी. फार मळलेली असल्यास शुद्ध पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून, मधला कागद भिजू न देता, खाचांच्या दिशेने पुसावे व सावलीत वाळवावे. तबकड्या उभ्या ठेवाव्यात. ऊन लागले तर वाकतात, हातून पडल्या तर फुटतात. तडा गेलेली तबकडी वाजवूच नये.

सर्वांत उत्तम उपाय म्हणजे एकदाच नीट वाजवून मुद्रण करून घ्यावे आणि पुढे ते मुद्रणच ऐकावे. हे काम साधत नसेल तर जाणकारांना विचारावे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था याच छंदातून उभी राहिली.

एवढी यातायात कशासाठी, असे कोणी विचारील. मास्टर दीनानाथ १९४२ साली गेले. त्यांचे गाणे आपल्यापर्यंत पोहोचले ते अशा तबकड्यांमुळेच. सोनईसारख्या गावात, ज्या घरांत आजोबांनी पुस्तक वा पत्र मागे ठेवले नाही, तेथे त्यांची आवड काय होती हे सांगणारी वस्तू बहुधा हीच एक असते. घाईने लावलेली चुकीची सुई आजोबांची ही एकुलती साक्ष पुसून टाकू शकते.