इंजिनाचे दुखणे पायात असते

जुलै महिन्यात वसईच्या पाचूबंदरला गेले, तर समुद्रापेक्षा किनाराच अधिक गजबजलेला दिसतो. जून-जुलै हे मासेमारीबंदीचे महिने. होड्या वर ओढलेल्या असतात आणि एखाद्या होडीच्या पोटातून पान्यांचा खणखणाट ऐकू येतो. नारळी पौर्णिमेच्या आत इंजिन तयार झाले पाहिजे, ही एकच घाई सर्वांना असते.

अशाच एका होडीवर मी तासभर उभा होतो. नाखवा आणि मिस्त्री यांचा वाद रंगात आला होता.

“मिस्त्री, यंदा पंपाचा डोस वाढवून द्या,” नाखवा म्हणत होता. “माझ्या मागून निघालेल्या होड्या माझ्याआधी बंदराला लागतात. मासळीचा पहिला भाव त्यांच्या पदरात पडतो.”

“डोस वाढवायला मला अर्धा तास पुरे, नाखवा,” मिस्त्री शांतपणे म्हणाले. “पण वाढवलेले घोडे बांधणार कुठे? तुमच्या तबेल्याची जमीनच पोचट झाली आहे.”

आणि त्यांनी हातातली बेअरिंगची वाटी पुढे केली. वरचे राखी अस्तर झिजून खालचे तांबे उघडे पडले होते. इंजिन तापले की ऑईल प्रेशरचा काटा का खाली बसत होता, त्याचे उत्तर त्या वाटीत होते.

इंजिनाची ताकद म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पिस्टन, पंप, फार तर टर्बो येतो. हे सारे वरच्या मजल्याचे वैभव. त्याचा भार वाहतो तो तळघरातला क्रँकशाफ्ट, त्याला ब्लॉकशी धरून ठेवणाऱ्या मेन बेअरिंगच्या कॅप आणि त्या कॅपांचे बोल्ट. थोडा हिशेब करू. समजा, सिलिंडरचा व्यास १० सेंटिमीटर आहे. पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ झाले सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर. टर्बो लावलेल्या डिझेल इंजिनात जळणाचा भडका उडतो तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोपर्यंत दाब येऊ शकतो. म्हणजे एका पिस्टनवर जवळजवळ १२ टनांचा घाव! मिनिटाला २,००० फेरे घेणाऱ्या चार स्ट्रोकच्या इंजिनात हा घाव प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला हजार वेळा बसतो. दहा तासांच्या फेरीत सहा लाख वेळा!

या घावाने वरचे हेड उडू पाहते आणि खालचा क्रँक निसटू पाहतो. त्या ओढाताणीत ब्लॉकचा तळ सापडतो. बोल्ट किंचित सैल असला, की कॅप आपल्या जागी केसभर हलू लागते. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट तरी केवढी? माणसाच्या केसाच्या जाडीएवढी. त्या फटीतल्या तेलाच्या पापुद्र्यावरच क्रँक तरंगत असतो. कॅप सरकली की पापुद्रा फाटतो, लोखंड लोखंडाला भिडते आणि इंजिन जाम होते.

शेतावरची लिस्टर पद्धतीची जुनी इंजिने मिनिटाला ६५० फेरे घेत. त्यांचा क्रँक जाडजूड, चाल संथ, आयुष्य दांडगे. फेरे तिप्पट केले, तर वरखाली धावणाऱ्या पिस्टनच्या वजनामुळे येणारा ताण तिप्पट नव्हे, नऊपट होतो. वेगाचे हे गणित पुष्कळांना ठाऊक नसते आणि इंजिन मात्र ते कधी विसरत नाही.

मोटारींच्या शर्यतीतल्या बड्याबड्यांनाही हा धडा गिरवावा लागला. १९६६ साली फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत फोर्डच्या गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. त्यांच्या सात लिटरच्या इंजिनात मधल्या कॅपांना खालच्या उभ्या बोल्टांखेरीज ब्लॉकच्या दोन्ही बाजूंनी आडवे बोल्ट मारलेले होते. तेलाची मुख्य वाटही अशी नेली होती, की तेल आधी क्रँकला मिळावे, मग वरच्या मंडळींना.

आमच्या मिस्त्रींचा बेतही त्याच जातीचा होता. आधी क्रँक उतरवायचा. चुंबक लावून त्यावर लोखंडाचा बारीक भुगा सोडायचा; डोळ्यांना न दिसणारा तडा असेल, तिथे भुगा रेघ धरतो. मग कॅपांकडे वळायचे. मागे कुणीतरी ढिलेपणा काढण्यासाठी कानस चालवून कॅप घासल्या होत्या. अशाने फट कमी झाल्यासारखी वाटते. पण गोल भोक अंडाकृती होते. म्हणून नव्या पोलादी कॅप, ताणलेल्या बोल्टांच्या जागी नवे दणकट स्टड, आणि ते ठरल्या मापाने आवळून झाल्यावरच सगळी भोके एका रेषेत बोअर करून घ्यायची. शेवटची तपासणी होडी पाण्यात उतरल्यावर. लाकडी होडी वाळूवर एका आकाराची असते, पाण्यात तरंगताना दुसऱ्या. पंख्याचा दांडा इंजिनाशी सरळ रेषेत नसेल, तर चांगला क्रँकही वाकून वाकून तुटतो.

खर्चाचा आकडा ऐकून नाखवा गप्प बसला. ते पैसे त्याने नव्या जाळ्यासाठी बाजूला ठेवले होते. पलीकडे वसईचा किल्ला दिसत होता. मिस्त्री तिकडे बोट करून म्हणाले, “नाखवा, तो तट वरून कुठे कमी होता? चिमाजीअप्पांच्या फौजेने खालून सुरुंग लावले, तेव्हाच बुरूज पडला.”

ही गोष्ट मे १७३९ मधली. पोर्तुगीजांना ती फार महागात पडली होती.

नाखव्याने समुद्राकडे पाहिले. त्याचे दोन मुलगे याच होडीवर जातात. भर समुद्रात, वारा उलटा असताना इंजिन बंद पडणे म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला नको होते.

“जाळे जुनेच सांधू,” तो म्हणाला. “क्रँक उतरवा. आणि मिस्त्री, तो डोस?”

“तो पुढच्या वर्षी बघू.”

नारळी पौर्णिमेनंतर मी पुन्हा पाचूबंदरला गेलो. ती होडी नुकतीच परतली होती. पहिली नव्हे, तिसरी! पण इंजिन तापलेले असूनही ऑईल प्रेशरचा काटा आपल्या जागी ठाम होता. नाखवा टोपली उतरवता उतरवता हसून म्हणाला, “भाव थोडा कमी मिळाला. झोप मात्र पुरी मिळते.”