हुरड्याची आगटी आणि मागे उरणारी खूण

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातील गुलमंडी ही बाजारपेठ आणि शहराभोवतीची रब्बी ज्वारीची शिवारे पौषाच्या सुमारास एकमेकांच्या बरीच जवळ येतात. कारण शहरातील कुटुंबे याच दिवसांत हुरडा खाण्यासाठी दौलताबाद, खुलताबाद किंवा पैठणच्या रस्त्यावरील शेतांकडे निघतात आणि हुरड्याच्या जोडीला लागणारा गूळ, रेवड्या, गोडीशेव असा जिन्नस बाजारातून बांधून नेतात. हुरडा म्हणजे ज्वारीचा कोवळा, भाजलेला दाणा. दाण्यातील चीक घट्ट होऊ लागला आहे, पण त्याचे पीठ झालेले नाही, अशा थोड्याच दिवसांच्या अवस्थेत त्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर पूर्ण झालेले नसते आणि म्हणून तो गोड लागतो. गूळभेंडी, सुरती, कुचकुची ही हुरड्याच्या ज्वारीची जुनी नावे आहेत, तर परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी वसंत’ हे वाण खास हुरड्यासाठीच विकसित केले आहे.

हुरडा भाजण्यासाठी शेतातच जो उथळ खड्डा खणतात त्याला आगटी म्हणतात. वाऱ्याचा रोख पाहून, उभ्या पिकापासून आणि कडब्याच्या गंजीपासून दूर जागा निवडली जाते, खड्ड्यात शेणाच्या गोवऱ्या रचून पेटवल्या जातात आणि मग थांबावे लागते. कारण ज्वाळेवर धरलेले कणीस वरून करपते आणि आतून कच्चे राहते. गोवरी धुमसत, सावकाश जळते आणि तिचा आर बराच वेळ टिकतो. धूर विरळ होऊन वर राखेचा पांढरा थर धरला की नुकतीच कापलेली कणसे दांडीला धरून फुफाट्यात, म्हणजे गरम राखेत आणि आरात, खुपसतात. दाण्यातील स्वतःच्या ओलाव्याची वाफ होते आणि दाणा तिच्यातच शिजतो, त्यामुळे या स्वयंपाकाला भांडे, तेल, पाणी यांतले काहीच लागत नाही. भाजणारा कणीस फिरवत राहतो, रंग आणि वास यांवरून ते बाहेर काढतो, राख झटकतो आणि गरम असतानाच तळहातांवर चोळतो. दाणे सुटतात, टरफले फुंकरीने उडतात. हे चोळणे दिसते तितके सोपे नाही: कणीस निवू दिले तर दाणा टरफल सोडत नाही आणि घाई केली तर हात पोळतो. शहरी पाहुणे बहुधा दोन कणसांतच हार मानतात आणि मग भाजणाऱ्याच्या हाताकडे पाहत बसतात.

निसर्गात वावरताना मागे खूण ठेवू नये, या विचाराची सात तत्त्वे विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ झाली. त्यांत विस्तवाविषयी सांगितले आहे ते असे की आग लहान असावी, तिच्यासाठी उभे झाड तोडू नये, जळण पूर्ण राख होईपर्यंत जळू द्यावे आणि नंतर विस्तव पुरता विझवावा. आगटी यांतील बहुतेक अटी कोणी न सांगता पाळते. तिचे जळण गोठ्यातले असते, कणसाची दांडी आणि पानांचा पाला जनावरांपुढे जातो, राख त्याच रानात मिसळते. हे पर्यावरणप्रेमापोटी घडते असे मात्र समजू नये. ज्या घरात कडब्याची पेंढीही मोजून ठेवली जाते, तिथे फेकून देण्याजोगे काही उरतच नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय आगटी निर्दोषही नाही. गोवऱ्यांचा धूर डोळ्यांना आणि छातीला त्रासदायक असतो, आणि शेतातली गोवरी जळाली म्हणजे तेवढ्या शेणखताला जमीन मुकली.

खरी खूण उरते ती बाजारातून आलेल्या पिशवीची. हुरडा पार्टी हा पैसे मोजून घ्यायचा कार्यक्रम झाल्यापासून शेताच्या बांधावर पातळ पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि एकदाच वापरायचे पेले दिसू लागले आहेत, आणि हा कचरा आगटीत टाकून जाळण्याची सवय त्याहून वाईट आहे, कारण त्यातून विषारी धूर निघतो आणि वितळलेला अवशेष राखेबरोबर मातीत जातो. थर्माकोलच्या आणि प्लास्टिकच्या ताटांवर महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून बंदी आहे, पण बंदी बांधापर्यंत पोहोचेलच असे नाही. पळसाच्या पानांची पत्रावळ किंवा घरचे स्टीलचे ताट या प्रश्नाला पुरेसे आहे. गूळ कागदात आणि चटणी डब्यात नेता येते.

निघताना आगटीतील फुफाटा काठीने पसरून त्यावर पाणी शिंपडावे, राख पुन्हा उलथून हाताचा मागचा भाग तिच्याजवळ धरून पाहावा आणि धग जाणवली तर पुन्हा पाणी घालावे. कारण वरून विझलेली गोवरी आतून रात्रभर धुमसत राहू शकते आणि सुकलेल्या ज्वारीच्या रानाला एक ठिणगी पुरते.