जुळी नाव कां उलटते व ती सरळ कशी करावी

जुन्नर व आंबेगांव हे तालुके म्हटले म्हणजे शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट हीं नांवें प्रथम आठवतात. नाव, शीड व सुकाणूं हे शब्द सहसा कोणाच्या मनांत येत नाहींत. मुलूख डोंगरी, आणि समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. तथापि कुकडी प्रकल्पाच्या पांच धरणांनीं या मुलुखाचें रूप पालटून टाकिलें आहे. माणिकडोह, येडगांव, वडज व पिंपळगांव जोगे हीं चार धरणें जुन्नर तालुक्यांत, आणि डिंभें हें पांचवें आंबेगांव तालुक्यांत घोड नदीवर आहे. ज्या आंबेगांवानें तालुक्यास आपलें नांव दिलें, तें जुनें गांवच डिंभ्याच्या पाण्याखालीं गेलें. जेथें पूर्वीं बैलगाडीची वाट होती, तेथें आतां होडी चालते. या पाण्यावर आदिवासी कुटुंबांनीं मासेमारीचा नवा व्यवसाय उभा केला आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेस २०१२ सालीं संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचें इक्वेटर पारितोषिक मिळालें. पुढें २०१८ सालीं जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून घोषित झाला. तेव्हां पुण्या-मुंबईचीं कुटुंबें सुटींत या जलाशयांच्या कांठीं जाणार, आणि पाणी दिसलें कीं मुलें होडीचा हट्ट धरणार, हें ओघानेंच आलें.

हा हट्ट पुरविण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत असावी. कुकडी घोडेस मिळते, घोड भीमेस मिळते आणि भीमेचें पाणी उजनीच्या जलाशयांत सांठतें. त्याच उजनीच्या पाण्यावर २१ मे २०२४ रोजीं सायंकाळीं कुगांवाहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी अवचित सुटलेल्या वादळी वाऱ्यांत सांपडून बुडाली. होडींत सात माणसें होतीं. त्यांपैकीं एकजण पोहून कांठास लागला. सहाजण मृत्यु पावले, आणि त्यांत लहान मुलेंही होतीं. धरणाचें पाणी बंदिस्त असलें तरी तें निरुपद्रवी नसतें, हें यावरून कोणासही पटेल.

उलटणें आणि बुडणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. नाव उलटली तरी माणसें वांचूं शकतात. मात्र त्यासाठीं उलटलेली नाव तरंगत राहिली पाहिजे, माणसें तिला धरून राहिलीं पाहिजेत, आणि ती पुन्हां सरळ करण्याची युक्ति त्यांस ठाऊक असली पाहिजे. या तिन्ही गोष्टींचा अभ्यास ज्या नावेवर उत्तम होतो, ती म्हणजे शिडाची लहान जुळी नाव, अर्थात् कॅटमरान.

हा शब्द मूळचा तामिळ. ‘कट्टुमरम्’ म्हणजे बांधलेलीं लांकडें. चोलमंडल किनाऱ्यावरील कोळी ओंडके एकत्र बांधून त्यांवरून समुद्रांत जात. त्या तराफ्याचें हें नांव. इंग्रजांनीं तें उचललें आणि कालांतरानें तें दोन समांतर नावा आडव्या दांड्यांनीं जोडून केलेल्या होडीस लागलें. अमेरिकेंत नॅथॅनिएल हेरेशॉफ या नौकाकारानें १८७६ सालीं ‘अ‍ॅमॅरिलिस’ नांवाची अशी जुळी नाव शर्यतींत उतरविली. ती इतक्या वेगानें धांवली कीं पुढील शर्यतींत तिला मज्जाव झाला. १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियांत होबी ऑल्टर यानें ‘होबी १६’ ही हलकी नाव प्रचारांत आणली. तिची लांबी सुमारें ५ मीटर, रुंदी सुमारें २.४ मीटर आणि वजन अवघें १४५ किलो. दोन्ही बाजूंच्या नावा आंतून पोकळ व बंदिस्त असतात, आणि मधल्या चौकटींत ताणून बसविलेल्या जाड कापडावर माणसें बसतात. पाणी थोडें असलें तरी ती चालते. म्हणून उन्हाळ्यांत ज्यांची पातळी उतरते, अशा जलाशयांस ती सोयीची आहे.

आतां ही नाव उलटते कशी, हें बैलगाडीच्या दृष्टान्तानें समजेल. गाडीचीं चाकें एकमेकांपासून दूर असल्यामुळें ती सहसा कलंडत नाहीं. परंतु एक चाक धोंड्यावर चढून दुसऱ्या चाकावर सारा भार आला, कीं तिचा तोल झपाट्यानें सुटतो. आणि एकदां चाकें आकाशाकडे झालीं, म्हणजे ती तशीच निवांत पडून राहते. जुळ्या नावेचें अगदीं असेंच आहे. वाऱ्याकडील नाव पाण्यावरून नुकतीच उचलली जाते, त्या क्षणीं तिचा उलटण्यास होणारा विरोध सर्वांत अधिक असतो. त्यानंतर ती जसजशी वर जाते, तसतसा हा विरोध घटत जातो. तळाशीं शिसें भरलेली खोल नाव बराच कल झाला तरी अधिकाधिक विरोध करीत राहते; जुळी नाव तसें करीत नाहीं. सुरुवातीस ती फार स्थिर असते, आणि नेमकी ती स्थिरताच नवशिक्यास फसविते.

थोडें गणित केल्यास माणसांच्या जागेचें महत्त्व कळेल. दोन नावांच्या मध्यरेषांत २ मीटर अंतर आहे असें धरूं. नावेचें १४५ किलो वजन मध्यभागीं, म्हणजे खालच्या नावेपासून १ मीटरवर आहे. त्याचा जोर १४५. प्रत्येकी ७० किलो वजनाचीं दोन माणसें वाऱ्याकडील नावेवर बसलीं, तर त्यांचें १४० किलो वजन २ मीटरवर पडतें. त्यांचा जोर २८०. म्हणजे नावेस सरळ राखण्याचें दोन-तृतीयांश काम माणसेंच करतात. तींच मध्यभागीं बसून राहिलीं, तर त्यांचा जोर निम्मा होतो. उलट वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वारा दुप्पट झाला कीं शिडावरील दाब चौपट होतो. पाहतां पाहतां चौपट होणाऱ्या दाबापुढें माणसांच्या वजनाचा टिकाव लागत नाहीं. तेथें शीड सैल सोडणें हाच उपाय.

घाटालगतच्या जलाशयांवर वारा असा एकाएकीं वाढण्याचीं कारणें उघड आहेत. डिंभ्याचें खोरें पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरतें. पावसाळी वारा घाटमाथा ओलांडून या खोऱ्यांतून वाहूं लागतो आणि डोंगराचा आडोसा संपतांच त्याचा झोत पाण्यावर आदळतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळिवाचे ढग जमतात. त्यांच्या पोटांतून खालीं कोसळणारी थंड हवा पावसाच्या आधींच सोसाट्यानें पसरते. म्हणून आकाशांत काळा ढग उभा दिसतांच, किंवा पाण्यावर गडद सुरकुत्यांचा पट्टा सरकत येतांना दिसतांच, कांठ गांठावा. पाऊस सुरू होण्याची वाट पाहूं नये.

नाव उलटूं नये म्हणून चार नियम पाळावेत. पहिला, मोठ्या शिडाची दोरी कधींही गांठ मारून ठेवूं नये. ती हातांतच असावी. दुसरा, झोत येतांच ती दोरी ढिली करावी. नाव वाऱ्याच्या रोखानें चालली असेल तर तिचें तोंड थोडें आणखी वाऱ्याकडे वळवावें, आणि वारा पाठीमागून असेल तर एकाएकीं वाऱ्याकडे वळूं नये. तिसरा, वाऱ्याआडच्या नावेची नाळ, म्हणजे पुढचें टोंक, पाण्यांत रुतूं लागल्यास सर्वांनीं तात्काळ मागें सरकावें. कारण जुळी नाव वेगांत असतां तोंडावर कोलांटीही घेते. चौथा, निघण्यापूर्वीं दोन्ही नावांचीं बुचें घट्ट आहेत कीं नाहींत तें पाहावें. पोकळ नावेंत पाणी शिरलें तर तिचें तरंगणेंच धोक्यांत येतें. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगांत असावें. तें होडींत पडून राहिलें तर त्याचा उपयोग नाहीं.

इतकें करूनही नाव उलटली, तर पहिलें काम म्हणजे माणसें मोजणें. कोणी शिडाखालीं अडकलें आहे काय, तें पाहावें. दुसरें, नाव सोडूं नये. कांठ जवळ दिसतो, पण पाण्यावरून अंतराचा अंदाज नेहमीं चुकतो, आणि थकलेल्या पोहणाऱ्याचें डोकें लाटांत शोधण्यापेक्षां तरंगती नाव शोधणें फार सोपें. नाव पूर्ण पालथी झाली असल्यास सर्वांनीं एकाच नावेच्या मागील टोंकावर भार द्यावा. त्यामुळें ती हळूहळू कुशीवर येते.

कुशीवर आल्यावर दोन्ही शिडांच्या दोऱ्या मोकळ्या कराव्यात; एरव्हीं शीड उभें होतांच वारा भरून नाव पुन्हां उलटते. नंतर पाण्यांतील नावेच्या पुढच्या टोंकाकडे सरकावें. तेथें भार पडला कीं तें टोंक नांगरासारखें अडतें, मागचा भाग वाऱ्यानें फिरतो आणि नावेचें तोंड वाऱ्याकडे येतें. मग नावेस आधींच बांधून ठेवलेली जाड दोरी वरच्या नावेवरून घेऊन, खालच्या नावेवर पाय रोवून, दोघांनींही शरीर ताठ ठेवून मागें झुकावें. हातांनीं ओढण्याचा आटापिटा करूं नये. काम वजनानें होतें. प्रथम कांहींच घडत नाहीं असें वाटेल, कारण शिडावर पाण्याचा भार असतो. धीर धरावा. शिडाखालीं वारा शिरूं लागला कीं डोलकाठी सावकाश उठते, आणि अखेरीस एकदम उभी राहते. त्या वेळीं वरची नाव डोक्यावर येणार नाहीं अशा बेतानें खालीं बसावें व जवळची नाव घट्ट धरून ठेवावी, म्हणजे नाव दुसऱ्या बाजूस उलटणार नाहीं व माणसांना सोडून निघूनही जाणार नाहीं.

होबी १६ सारखी नाव उठविण्यास सुमारें १३५ किलो भार लागतो. हलक्या माणसानें पाण्यानें भरतां येणारी मजबूत पिशवी दोरीस अडकविण्यासाठीं जवळ बाळगावी. डोलकाठी धातूची असल्यास कांठावरील विजेच्या तारांपासून नाव फार दूर ठेवावी. ही सारी क्रिया प्रथम शांत हवेंत, उथळ पाण्यांत, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं मुद्दाम नाव उलटवून शिकावयाची असते. खडकवासल्याच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या छात्रांस शिडाच्या नावा चालविण्याचें शिक्षण मिळतें. या विद्येंत नाव उलटणें हा अपघात न मानतां धडा मानतात.

यावरून प्रवासी होडीसंबंधींही निर्णय करतां येतो. उघड्या होडींत पाणी भरलें आणि तिच्यांत हवेचे बंद कप्पे नसले, तर धरून राहावयास कांहींच उरत नाहीं. म्हणून माणिकडोहाच्या किंवा डिंभ्याच्या कांठीं होडींत पाय ठेवण्यापूर्वीं कुटुंबांतील वडील माणसानें तीन प्रश्न विचारावेत: ही होडी पाण्यानें भरली तर तरंगेल काय? लहानथोर प्रत्येकास पुरेल असें लाइफ जॅकेट आहे काय? आणि माणसें मापांत आहेत काय? तिन्हींचें उत्तर होकारार्थी नसेल, तर कांठावर बसूनच पाणी पाहावें. मुलें थोडा वेळ रुसतील. परंतु सायंकाळीं सारीं मिळून घरीं परततील.