ब्रेड ठेवावा फ्रीझरमध्ये, फ्रीजमध्ये नव्हे

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगावसारख्या गावी उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो, तर पावसाळ्यातील दमट हवेत ब्रेडवर दोन-तीन दिवसांतच बुरशी धरते. उरलेला ब्रेड फ्रीजमध्ये ठेवण्याची पद्धत म्हणूनच रूढ झाली. त्यामुळे बुरशी लांबते हे खरे. मात्र ब्रेड अधिक लवकर शिळा होतो.

याचे कारण मैद्यातील स्टार्चमध्ये आहे. भाजताना स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि ब्रेड मऊ होतो. थंड होताच त्यांचे रेणू पुन्हा घट्ट, स्फटिकासारखी रचना धरू लागतात व ब्रेड कडक होतो. शून्याच्या थोड्या वरच्या तापमानात, म्हणजे नेमकी फ्रीजमध्ये, ही क्रिया सर्वाधिक वेगाने घडते. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ती जवळजवळ थांबते. एकदारी फ्रीजमधील बर्फाचा कप्पा सहसा इतका थंड नसतो. तेथील ब्रेड आठवडाभरात संपवावा.

ब्रेड ताजा असतानाच त्याचे काप, किंवा लादीतील पाव सुटे करून, हवा काढलेल्या घट्ट बंद पिशवीत गोठवावेत. पिशवीत हवा राहिल्यास ते कोरडे पडतात. महिनाभरात ते वापरावेत. लागतील तेवढेच काढून थेट तव्यावर गरम करावेत. सुमारे ६० अंशांपुढे स्टार्च पुन्हा मऊ होतो. वीज गेल्याने वितळलेला ब्रेड पुन्हा न गोठवता त्याच दिवशी संपवावा. बुरशी आलेला मात्र संपूर्ण टाकावा. तिचे तंतू न दिसताही आतवर पसरलेले असतात.